फीमाफीचे पाहुणे

सरकारी माणसाला गरिबी कशी दाखवावी, हे मला कुणी शिकवू नये! मुळात दाखवायला वेगळं काही करायचंच नव्हतं. घरात ती जागोजाग होती. गोठ्यात एकच बैल, तोही उभा राहायला कंटाळलेला. कणगीत उंदीरसुद्धा मुक्कामाला थांबत नव्हते. सरकारचा माणूस येईल, बघेल, हळहळेल आणि आमच्या पोराची, सहादेवची, कॉलेजची फी सरकार भरेल. इतका सोपा बेत!

सन सेहेचाळीसची गोष्ट. खर्ड्याजवळ आमचं गाव. सहादेव चांगल्या मार्कांनी मॅट्रिक झाला. गावातला पहिलाच! पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली, पण फीचा आकडा ऐकून मी खाली बसलो तो बराच वेळ उठलो नाही. मास्तर म्हणाले, "गहिनीनाथ, गरिबाच्या हुशार पोराची फी सरकार भरतं. अर्ज करा." अर्ज केला. प्रौढांच्या वर्गात नुकतीच शिकलेली सही त्यावर ठोकली. गावात मात्र कुणाला कळू दिलं नाही. सरकारपुढे हात पसरला, म्हणून पारावर माझी यथेच्छ टवाळी झाली असती. बायकोला, मनकर्णालासुद्धा, "फीचं बगतोय कायतरी," एवढंच सांगितलं.

कॉलेज उघडायची वेळ आली तरी चौकशीला कुणी फिरकेना. शेवटी मीच जामखेडच्या कचेरीत पायी गेलो. तिथला शिपाई माझ्याकडे बघून हसला.

"तुम्ही इकडं आणि साहेब तिकडं! चौकशीचे कारकून सुमंतराव सकाळीच तुमच्या गावाला गेले. गुपचूप चौकशी करायची, असा हुकूम आहे. आधी कळलं की लोक भांडीसुद्धा लपवतात."

मला आनंद झाला. लपवायला भांडी होती कुठं! तसाच माघारी वळलो. पायांचे तुकडे पडले होते, पण फी माफ झाल्यासारखी वाटत होती.

आमच्या गावाची एक रीत इथं सांगायला हवी. अनोळखी माणूस पारावर बसून लग्नाच्या वयाच्या पोराची चौकशी करायला लागला, की तो सोयरीक बघायला आलाय असं समजायचं. आणि मग सगळ्या गावानं मिळून त्या पोराचं घर भरलेलं दाखवायचं. माझा शेजारी छगन याचं लग्न ठरलं, तेव्हा माझ्याकडे दोन बैल होते, आणि माझीच जोडी त्याच्या गोठ्यात रवंथ करत होती. त्याची बायको छबूबाई त्याला ते अजून ऐकवते.

तर सुमंतराव आले आणि नेमके छगनलाच भेटले.

"गहिनीनाथांचं घर कोणतं? जमीन किती? बैल किती? मुलगा कसा आहे?"

छगनच्या अंगात आलं!

"जमीन? ह्या पारावरनं दिसती ती समदी त्येंचीच!"

"आणि बैल?"

"मोजाय बसलो तर दीस मावळंल, पाव्हनं. आदी च्या घ्या!"

च्या एवढा लांबला की तेवढ्यात गावानं माझं घर नवं केलं.

मी दमून दारात आलो आणि घर चुकलो म्हणून पुढं निघालो. परत फिरलो. अंगणात बैलांच्या तीन जोड्या. आबासाहेब पाटलांची घोडी माझ्या खुंट्याला बांधलेली, माझ्याकडेच परक्यासारखी बघत होती. ओसरीला पोत्यांची थप्पी लागलेली. ती ज्वारी मी ओळखली! सरकारला सक्तीनं घालायची धान्याची लेव्ही चुकवायला लोकांनी जमिनीखाली पेवात दडवलेली ज्वारी होती ती. वासच सांगत होता. पाटलांच्या खुर्चीवर सुमंतराव पुरणपोळी खात होते आणि पाटलिणीचं जरीचं लुगडं नेसून आमची मनकर्णा नव्या नवरीसारखी तूप वाढत होती.

"आवो, आलाव का!" ती हळूच म्हणाली. "सहादेवच्या सोयरिकीचं पाव्हनं आल्यात. तोंड धुवून या."

"अगं, सोयरीक कसली!" म्हणत मी सुमंतरावांपुढं हात जोडले. "साहेब, यातलं काही माझं नाही!"

सुमंतराव बोटं चाटत हसले. "अर्ज केला की सगळे असंच म्हणतात."

आबासाहेब पाटील ओट्यावरून गरजले, "पाव्हनं, मनावर घिऊ नका. आमचा गहिनीनाथ लई नम्र हाय!"

"पाटील, घोडी तुमची हाय!"

"माझी? मी गुडघ्यानं अधू मानूस. मला घोडी कशाला?"

"छगन, ह्यो बैल तुजा न्हाई का? सांग की!"

"मी ह्याला आजच बगतोय!" छगन म्हणाला. तेवढ्यात तो बैल पुढं आला आणि छगनचं कानशील प्रेमानं चाटू लागला. छगन शांतपणे म्हणाला, "मायाळू जनावर हाय. कुनालाबी चाटतं."

मी नाही म्हणावं आणि गावानं शपथा घ्याव्यात! छबूबाईनं तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटी माझा तोल गेला. "आरं, हे पाव्हनं न्हाईत! हे सरकार हाय! कचेरीतनं आल्यात!"

वाटलं, आता सुटलो. आता जो तो आपापलं उचलून नेईल.

पण सगळ्यांचे डोळे त्या पोत्यांवर गेले. लेव्हीची ज्वारी! सरकारच्या डोळ्यांदेखत!

"सायेब," पाटील घाईघाईनं म्हणाले, "ज्वारी गहिनीनाथाचीच हाय. आमच्याकडं दानाबी न्हाई."

"एक दाना न्हाई!" छगन म्हणाला.

"समदं ह्येंचंच!" सगळं गाव म्हणालं. मघाशी माया होती, आता भीती होती. भीतीचा आवाज मोठा निघतो.

सुमंतराव हात धुऊन उठले. "गहिनीनाथराव, फीमाफी गरिबांसाठी आहे. आणि एवढी ज्वारी असताना लेव्ही का भरली नाहीत? आठ दिवसांत भरा." तांबूल खाऊन गेले.

सहादेव कोपऱ्यात उभा होता. "दादा, मी औत धरतो," एवढंच म्हणाला. मनकर्णानं लुगडं बदललं आणि चूल विझवली. त्या पुरणपोळ्यांतली एकही मला गेली नाही.

सकाळी मंडळी खाली माना घालून पोती न्यायला आली.

"कुनाची पोती?" मी म्हणालो.

"आमची रं," पाटील म्हणाले.

"तुमच्याकडं तर दानाबी न्हाई! छबूबाईनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवलाय, पाटील. आता लेकराचं काय करायचं?"

छबूबाईनं लेकराला पदराखाली घेतलं. "आवो, कायबी करा, पन शपथ मोडू नका!"

बरीच कुरकूर झाली. शेवटी ठरलं. त्याच पोत्यांतून सगळ्यांची लेव्ही भरायची, मग सहादेवच्या फीपुरती ज्वारी विकायची, आणि उरलेली ज्याची त्यानं न्यायची. सहादेव पुण्याला गेला. सरकारनं भरायची फी गावानं भरली, तीही दात-ओठ खात.

पोरगा शिकला, पदवीधर झाला. आता खरोखरच्या सोयरिकी येतात. पण गाव एकदाच शहाणं होतं आणि तसंच राहतं. कुणी टोपीवाला पारावर टेकला, की कोण, कुठले हे न विचारताच छगन सुरू होतो, "गहिनीनाथ व्हय? लई गरीब! दोन येळंला चूल पेटत न्हाई बगा!"

सहादेव अजून बिनलग्नाचा आहे.