घेतली का गोळी?

“ऑपरेशनची भीती? आणि मला? छे! झोप तेवढी येत नाही, एवढंच!” घड्याळजी आठवडाभर येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत होते. हर्निया डावीकडे होता, पण हात मात्र दोन्ही थरथरत. परवा एका मनगटी घड्याळात त्यांनी तासकाटा मिनिटाच्या जागी बसवला होता!

शेवटी डॉक्टरांनीच आदल्या रात्रीसाठी झोपेची एक गोळी लिहून दिली. बायकोने ती वाटीत काढून ठेवली. शेजारी स्वतःची कॅल्शियमची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल, जुळ्या बहिणीच जणू!

“घेतली का हो?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“घेतली!”

वाटीत उरली ती तिने घेतली.

सकाळी घड्याळजी ताजेतवाने उठले. ‘काय गोळी आहे!’ म्हणून डॉक्टरांवर खूश झाले. बायको मात्र लाकडाच्या ओंडक्यासारखी पडलेली.

“अगं, ऊठ! आज ऑपरेशन आहे!”

“हूं. तुमचं तुम्ही करून घ्या.”

सोबत नातेवाईक नसेल तर ऑपरेशन नाही, तारीख पुढे, असं हॉस्पिटलने बजावलं होतं. तिला उचलावं तर हर्नियाला जड उचलायची बंदी! अखेर टॅक्सीवाल्याने हात दिला आणि हॉस्पिटलच्या दारात चाकांच्या खुर्चीत तिला बसवलं.

सिस्टरने खुर्चीकडे पाहिलं आणि थेट कामालाच लागली.

“काकू, हर्निया ना? कुठल्या बाजूला?”

“डावीकडे,” काकू डोळे मिटूनच म्हणाल्या.

“पोटात काही गेलंय?”

“रात्रीपासून घास उतरला नाही.”

“शहाण्या आहात! मामा, घ्या आत!” वॉर्डबॉय मामांनी खुर्ची ढकलली.

“अहो सिस्टर, थांबा! ऑपरेशन माझं आहे!”

“काका, सगळे नवरे इथे येऊन असंच म्हणतात. ‘हिच्याऐवजी मला कापा!’ बाहेर बसा बघू.”

घड्याळजींनी धावत जाऊन खुर्चीचं चाक धरलं. मग शर्ट वर करून भर कॉरिडॉरमध्ये पुरावाच सादर केला! त्या गलक्याने बायको जागी झाली.

“झोपेची गोळी तू खाल्लीस!” घड्याळजी कडाडले. “आठ रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा!”

“आठही रात्री घोरत होतात.”

“तुला काय माहीत?”

“मी जागी होते ना.”

घड्याळजींनी वर केलेला शर्ट हळूच खाली ओढला.

बायको खुर्चीतून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “बसा आता.” ते बसले. तिने त्यांचा हात धरला.

सिस्टरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “हं, काका. हर्निया कुठल्या बाजूला?”

घड्याळजींनी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग डाव्या हाताकडे. मग उजव्या.

“हिलाच विचारा,” ते म्हणाले.