सोलापूर जवळ, बेंगळूर लांब

वेंकोबरावांकडे पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, "तुमच्या गावी पेट्रोल किती नंबरचं?" भाव नव्हे हं, नंबर. ऑक्टेन का काय म्हणतात तो. इंजिनानं खडखड करू नये म्हणून पेट्रोलची जी पत ठरवतात, ती.

बेंगळूरपासून तीन तासांवरच्या बोगादीत त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, वेंकोबराव हूटगळ्ळीच्या एका कारखान्यातून. त्यांचे आजोबा कापड रंगवायचे आणि रंग पक्का बसला की नाही ते म्हणे बोटानं चाचपून सांगायचे. नातू बॉनेटला कान लावून पेट्रोल ओळखतो. निदान ओळखतो असं म्हणतो. एकदा साफ चुकले, तर म्हणाले, गाडीला सर्दी झालीय.

गावांची अंतरंसुद्धा ते याच मापानं मोजतात. इथल्यासारखंच साधं एक्क्याण्णव आणि प्रीमियम पंचाण्णव मिळालं की गाव जवळचं. माझ्या भाचीच्या लग्नात सोलापूरचे व्याही आले होते. त्यांना गाठून यांनी विचारलं, "तिकडं प्रीमियम पंचाण्णवच, अल्वा? हो ना?" व्याही बिचारे मान डोलावून मोकळे झाले. "मग जवळच की," म्हणत यांनी त्यांच्या पानात आणखी एक चिरोटी वाढायला लावली. बेंगळूर मात्र लांब, कारण तिथं काही पंपांवर शंभर नंबरी मिळतं. "शंभर कशाला पाहिजे, स्वामी? सुम्ने, उगाच माज." मी आयुष्यभर पेपर तपासले, पण असलं भन्नाट माप कुठल्या मुलानं लिहिलं नव्हतं.

त्यांची पांढरी गाडी आता म्हातारी झालीय. तिला प्रीमियम पाजणं म्हणजे नासाडी, हे सांगून मेकॅनिक थकला. वर्षभर ते साधंच घालतात. प्रीमियम फक्त शालू येणार असली की. शालू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझीच विद्यार्थिनी, अमेरिकेत डेन्व्हरला असते. "बेंगळूरच्या विमानतळावरून लेकीला एक्क्याण्णववर घरी आणू?" असा त्यांचा सवाल असतो.

डेन्व्हरनं मात्र त्यांचा घात केला. शालू एकदा फोनवर बोलून गेली की इथं साधं पेट्रोल पंच्याऐंशी. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "पंच्याऐंशी, टीचर. आपल्या हिनकलच्या पंपावरसुद्धा एक्क्याण्णव आहे. कुठं जाऊन पडली पोर?" तिनं परोपरीनं समजावलं की अप्पा, इथं मोजायची रीतच वेगळी. यांना पटेना. "सुम्ने सांगते. मला काळजी नको म्हणून."

तेव्हापासून दर फोनला एकच चौकशी, टाकीत काय आहे? बायको असती तर तिनं फोन हिसकावून घेऊन पोरीची विचारपूस केली असती. ती गेली, आणि यांना दुसरं काही विचारताच येत नाही.

यंदा शालू दसऱ्याला येणार होती. यांनी चार दिवस आधीच टाकी भरून पंचाण्णव घातलं, सीट पुसून ठेवल्या. आणि फोन आला, रजा रद्द झाली, येणं होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून गाडी बाहेर काढतेय.

"कुठं निघालात?"

"बेंगळूर रोडला. ती येत नाही हे गाडीला अजून सांगितलं नाही मी. बसा, टीचर."

मला हसू आलं. मी बसले.

वाटेत मद्दूरला वडे खायला थांबलो. त्यांनी वडा नुसताच मोडून ठेवला. "साध्या-साध्यातच सहाचा फरक. फार लांब गेली हो पोर."

म्हटलं, आता शिकवायलाच हवं. "हे बघा वेंकोबराव, पेट्रोलचा नंबर दोन रीतींनी काढतात. एक सैल, एक कडक. आपण सैल रीतीचा नंबर पंपावर लिहितो, अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून त्यांचा आकडा लहान दिसतो. त्यांचं पंच्याऐंशी म्हणजे आपल्या मापानं नव्वदच्या आसपास."

हे सगळं मला शालूनंच समजावलेलं. पण लेकीचं बोलणं टीचरच्या तोंडून आलं की त्याला वजन येतं.

"आपल्या एक्क्याण्णवला एकच कमी?"

"एकच."

"म्हणजे बेंगळूरपेक्षा जवळ की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. तिथल्या तिथे त्यांनी स्पीकरवर फोन लावला. तिकडं झोपायची वेळ झाली असणार. आता टाकीची चौकशी होणार म्हणून मी वड्याकडे वळले.

"पुट्टी," त्यांनी लहानपणीच्या नावानं हाक मारली, "जेवलीस का?"

तिनं आधी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग शालू जी बोलत सुटली ती थांबेचना. भाजी काय केली, रजा कशी रद्द झाली, किती रडू आलं. वेंकोबराव वडा खात हूं हूं करत ऐकत होते. शेवटी तिनंच विचारलं, "अप्पा, गाडीत काय आहे आज?"

"पंचाण्णव," ते म्हणाले. "तुझ्यासाठी भरलेलं."