रकाना सात

आई मागावर बसून गुणगुणायची. शब्द नसायचे. धोटा उजवीकडे गेला की सूर चढे, परतला की उतरे. वडगावच्या परशरामच्या कानात तो आवाज तेरा वर्षं टिकून होता. घरात यंत्रमाग आले, गुणगुणणं थांबलं आणि त्याच्या आईचे, शेवंताबाईंचे, कान यंत्रमागांनीच खाल्ले, असं आम्ही सारी गल्ली धरून चाललो होतो.

परशराम रेडिओ दुरुस्त करी. त्याने मोडक्या हातमागाच्या लाकडाची पेटी केली. आत दोन ट्रान्झिस्टर, एक स्पीकर. वर उजेड ओळखणारा मण्याएवढा डोळा. डोळ्यावर हाताची सावली पडली की पेटी गुणगुणे, हात हलेल तसा सूर वर-खाली होई. आई दुसरा तळवा लाकडावर ठेवी. थरथर हातात उतरली की हसे. त्या हसण्यासाठीच पेटी होती.

१९८४ साली त्याने ती हस्तकला प्रदर्शनात मांडायला नेली. अर्जात रकाना सात होता : ‘वस्तू आवाज करीत असल्यास, कोणत्या भाषेत?’ परशरामने लिहिलं, ‘कोणत्याही नाही.’

“कोणत्याही न्हाय म्हंजे?” कारकुनाने चष्मा वर केला. “सीमाभागात असलं उत्तर चालत न्हाय.”

“साहेब, नुस्तं गुणगुणतंय ते.”

“व्हय, पण कशात?”

पेटी भाषानिश्चिती उपसमितीच्या ताब्यात गेली. कानडीच्या बाजूच्या नागोजीरावांनी तिच्यावर हात फिरवला, कान लावला आणि शेरा मारला, ‘स्पष्ट कानडी.’ मराठीच्या बाजूच्या भीमाप्पांनी हात फिरवला : ‘शुद्ध मराठी.’ दोघांनी एकाच दिवशी परस्परांच्या अतिक्रमणाविरुद्ध हरकत नोंदवली. अध्यक्षांनी तोडगा काढला. पेटीने सोमवार ते बुधवार मराठीत आणि गुरुवार ते शनिवार कानडीत गुणगुणावं. सूर तोच, पाटी बदलावी. रविवार कुणाचा, यावर तीन बैठका झाल्या. चौथीत खुर्च्या मोडल्या.

अखेर शांतता राखण्यासाठी पेटीची बॅटरी काढण्यात आली. तिला काचेचं कपाट मिळालं, ‘हात लावू नये’ अशी दोन्ही भाषांत सारख्याच उंचीची पाटी मिळाली, आणि उत्कृष्ट ध्वनिवस्तूचं पहिलं बक्षीसही.

घरी आईचा तळवा रिकामाच मागाच्या उरलेल्या चौकटीवर फिरे. परशरामने अर्ज केला : आईला ऐकू येत नाही, पेटी परत मिळावी. उत्तर आलं : ‘सदर बाईंनी समक्ष येऊन, आपणांस कोणत्या भाषेत ऐकू येत नाही, ते लिहून द्यावे.’

शेवंताबाई गेल्या. मागोमाग आम्हीही गेलो. त्यांचं माहेर एका भाषेतलं, सासर दुसऱ्या भाषेतलं, तेव्हा हा निकाल चुकवून कसं चालेल! कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि त्यांच्या कानाशी ओरडला, “आज्जी, कुठल्या भाषेत?” सगळ्यांनी माना पुढे काढल्या. त्या काय बोलतील याची फिकीर कुणालाच नव्हती, कशात बोलतील एवढंच बघायचं होतं.

“वरडू नगंस,” शेवंताबाई म्हणाल्या. “मला समदं ऐकू येतंय.”

परशराम पुढे झाला.

“आई?”

“तेरा वर्सांमागं माणसं मोजाया खानेसुमारीवाला आलता बघ, तू भायेर गेलतास. घरात कुठली भाषा बोलता, म्हणाला. दारात निम्मी गल्ली हिकडं, निम्मी तिकडं, माझ्या तोंडाकडं बघत हुबी. हीच समदी. मी कानाला हात लावला, ऐकू येत न्हाय म्हणलं. गुणगुणायचं त्याच दिशी सोडलं रं. कोण ऐकंल, आन् कशात म्हणून इचारंल.”