कच्ची हाडं आणि सैल कवळी

"दातांच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये!"

हे वाक्य कवळीमास्तर दिवसातून निदान तीन वेळा म्हणत. समोर माणूस असलाच पाहिजे अशी त्यांची अट नव्हती. तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी लोकांना हसतं केलं होतं. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि मास्तर मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांमधून अख्खी बत्तिशी उभी करायचे. गल्लीतले काही लोक त्यांनाच डॉक्टर म्हणत. हा गैरसमज दूर करायला मास्तरांना कधी सवड झाली नाही.

तर अशा या मास्तरांची बायको आठ दिवस बहिणीकडे निघाली. बॅग दारात, रिक्षा खाली, आणि सूचना चालूच. मास्तर टेबलावर एक कवळी घासत होते आणि मोटर घर्रर्र ओरडत होती.

"अहो, ऐकताय ना? दोघांना पाकिटातलंच खाणं द्यायचं, तेही पाण्यात भिजवून. हवालदारची डावीकडची..."

घर्रर्र!

"हो हो!" मास्तर म्हणाले.

"आणि आईच्या खोलीत कुणी जायचं नाही. मी आल्यावरच उघडीन."

"हो हो!"

हवालदार म्हणजे घरातला कुत्रा. वय बारा, अंगाने भरलेला, आणि चोर आलाच तर त्याला उठून जागा देईल असा. मांजरीचं नाव बाई. ती कुणाचंच ऐकत नसे, म्हणून तिला कुणी काही सांगत नसे. आणि आई म्हणजे मास्तरांच्या सासूबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची खोली अजून जशीच्या तशी होती. लोखंडी पलंग, जाड दुलई, खिडकीजवळची खुर्ची आणि पेल्यात ठेवलेली कवळी.

ती कवळी मास्तरांनीच बनवलेली. त्याबद्दल पुढे सांगतो. मास्तर स्वतःहून काही सांगणार नाहीत.

बायको गेल्या गेल्या मास्तरांनी हवालदारचं तोंड उघडून भिंगातून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. काय ती पिवळी पुटं! काय तो वास! "हे पाकिटातल्या लगद्याने झालंय," त्यांनी निदान केलं. "दाताला काम हवं! कच्चं हाड हवं, मांस लागलेलं! आठ दिवसांत मोत्यासारखे करून दाखवतो. ती आली की बघतच राहील!"

खाटकाने त्यांना नीट समजावून सांगितलं. "डॉक्टर, कच्चंच द्यायचं बरं का. शिजवलं की काचेसारखं तुटतं आणि आतडी फाडतं. कुत्र्याला तोंडात मावणार नाही एवढं मोठं द्या. मांजरीला कोंबडीची मान पुरे. आणि खाताना समोर बसून राहायचं, हलायचं नाही."

"दातांच्या बाबतीत मला..." मास्तर सुरू झाले, पण मागे रांग होती.

पहिल्या दिवशी त्यांनी हवालदारपुढे वीतभर हाड ठेवलं. हवालदारने ते हुंगलं, मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा हाडाकडे पाहिलं. मग ते अलगद उचललं आणि गंभीरपणे गॅलरीकडे चालता झाला. बाईही आपली कोंबडीची मान उचलून त्याच्या मागोमाग गेली. मास्तर समोर बसायला उठणार, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवतात तो दोघं परत हजर! तोंडं रिकामी, गॅलरी रिकामी.

"संपवलं?" मास्तर थक्क झाले. "तीन मिनिटांत? हाडासकट? शाब्बास रे वाघा!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तरांनी खाटकाकडे मोठी हाडं मागायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी, दुपारी बरोबर चार वाजता, मास्तर एका वरच्या कवळीला पटाशीचे दात बसवत होते. घरात अगदी शांतता होती.

कड.

मास्तरांचा हात थांबला.

कड... कड... टक.

आवाज आतून येत होता. सासूबाईंच्या बंद खोलीतून! मास्तर चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले. कुलूप जागच्या जागी होतं, किल्ली खिळ्यावर. दाराखालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी बाहेर आली होती. ती पट्टी क्षणभर झाकली गेली आणि पुन्हा उजळली. आत काहीतरी हललं होतं.

"हवालदार!" मास्तरांनी बारीक आवाजात हाक मारली. हवालदारचा पत्ता नव्हता. नेमका गरजेच्या वेळी हा गायब!

कड... कड... टक.

तो "टक" ऐकून मास्तर दारापासून एकदम मागे हटले. तो आवाज त्यांच्या धंद्यातला होता. कवळी सैल असली की चावता चावता उचलली जाते आणि जिभेने दाबली की परत बसते, तेव्हा तो येतो. आणि हा टक तर त्यांच्या ओळखीचा होता. दोन वर्षं रोज चार वाजता त्यांनी तो ऐकला होता!

आता ते कवळीचं सांगतो. सासूबाईंचा जीव कडक टोस्टवर. दुपारी चारला दोन टोस्ट, कडकड चावून. दात गेले तेव्हा जावई म्हणाले, "माझ्यासारखा माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं?" त्यांनी कवळी करायला घेतली. माप घेताना कुणाचा तरी फोन आला, मास्तर फुशारक्या मारण्यात रंगले, आणि मेण गार व्हायच्या आधीच त्यांनी हात काढला. डावी बाजू वरच राहिली, खालच्या दातांना टेकेचना. मास्तरांना ते त्याच दिवशी दिसलं होतं. दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते, पण मग चुकलं असं म्हणावं लागलं असतं! ते म्हणाले, "सवय होईल, आई."

सवय झाली नाही. सासूबाई टोस्ट पाण्यात बुडवून खाऊ लागल्या. तक्रार केली की बायकोही आईलाच झापायची. "आई, एवढ्या मेहनतीने केलीय त्यांनी! तुझेच नखरे फार!" मग सासूबाई गप्प बसत. शेवटी शेवटी एकदा त्या मास्तरांना म्हणाल्या होत्या, "जावईबापू, एक दिवस कडकड चावून दाखवीन. तुम्ही फक्त ऐकायला थांबा."

आता दारापाशी मास्तर ऐकायला थांबले नाहीत. ते पुढच्या खोलीत पळाले आणि त्यांनी मोटर सुरू केली.

पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई वर आल्या.

"काय हो मास्तर, बरं वाटलं हो काल! चारला वरून पुन्हा टोस्टचा आवाज आला. मी म्हटलं, आजी..." त्या मध्येच थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "आजी तर..."

"पाइप आहे तो! नळाचा!" मास्तर ओरडले.

"हो का," असं म्हणत शिवणवाल्या बाई उलट्या पावलीच जिना उतरल्या.

त्या दिवसापासून बाई मांजर सकाळी सकाळी बंद दारासमोर बसू लागली. बसून वर पाहायची. खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा जेवढ्या उंचीवर येईल, तिथे. आणि अधूनमधून शेपूट हलवायची. मास्तरांचं जेवण सुटलं. दुपारी घड्याळात साडेतीन झाले की त्यांच्या हातातले दात गळून पडत.

सहाव्या दिवशी त्यांनी बायकोला फोन केला. "मी मजेत. तू कशी आहेस? बरं, ते... आईंना चारला टोस्टच लागायचे ना गं? आणखी काही नको असायचं?"

"अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"अगदी ठणठणीत!" म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

सातव्या दिवशी दाराबाहेर हाडाचं एक चपटं टोक पडलेलं दिसलं. फटीतून कुणीतरी बाहेर सरकवलं होतं. मास्तरांनी ते चिमट्याने उचलून टेबलावर नेलं आणि भिंगाखाली धरलं. उजव्या बाजूला दातांचे खोल व्रण. डावी बाजू कोरी! नुसते ओरखडे.

दातांच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवण्याची खरोखरच गरज नव्हती. असं चावणारं तोंड त्यांनी आयुष्यात एकच घडवलं होतं.

चार वाजले. कड... कड... टक. मास्तर स्टूल घेऊन दारासमोर बसले. पळून जायचं कुठे? घर त्यांचंच होतं.

"आई," ते दाराला म्हणाले. "आई, ऐका. नखरे तुमचे नव्हते. चूक माझी होती. डावी बाजू मी वर बसवली. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन दिवसांचं काम होतं हो... दोन वर्षं तुम्हाला भिजलेले टोस्ट खायला लावले. माझ्या तोंडून निघालं नाही. आता म्हणतो. माझं चुकलं."

आतला आवाज थांबला.

मास्तरांच्या मागे बॅग जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

बायको उभी होती. कालच्या फोनने घाबरून एक दिवस आधीच परत आली होती.

"काय म्हणालात?"

मास्तर स्टुलावरून उठले.

"मी तिला काय काय बोलले होते," बायको म्हणाली. तिचा आवाज फार हळू होता. "तुमच्या बाजूने. शेवटच्या आठवड्यातसुद्धा."

बायकोने खिळ्यावरची किल्ली काढली.

"उघडू नको!" मास्तर ओरडले. पण दार उघडलं होतं.

पलंगावर कुणीतरी झोपलं होतं. दुलई डोक्यावरून घेतलेली. उशीपासून पायथ्यापर्यंत उंचवटा, आणि तो उंचवटा श्वास घेत होता! खोलीत एक ओला, गोडसर वास भरला होता. मास्तरांनी बायकोचा पदर पकडला. बायकोने तो सोडवून घेतला, पुढे गेली आणि दुलई ओढली.

आत हवालदार होता. पुढच्या पंजांत हाड, चेहऱ्यावर अपराध. त्याच्याभोवती पायथ्यापर्यंत ओळीने सहा हाडं मांडलेली, आठवडाभराची कमाई! उशीवर बाई, शेजारी कोंबडीच्या माना. गॅलरीतून या खोलीत येणाऱ्या दाराची कडी तुटलेली होती.

"कच्ची हाडं?" बायको म्हणाली. "आईच्या दुलईत?"

"दात साफ..." मास्तर पुटपुटले. "पण तो टक कसला मग?"

हवालदारने हाड पुन्हा तोंडात धरलं. त्याचं दुसरं टोक पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. टक!

"आणि एकाच बाजूने चावतो तो?"

"डावीकडची दाढ हलतेय त्याची! म्हणून तर भिजवून द्या म्हणाले होते!"

मास्तरांना इतकं हायसं वाटलं की ते हसायला लागले. "अगं, म्हणजे हवालदार! मी उगाच... चल, विसर सगळं. ते मी भीतीपोटी बोललो."

बायको हसली नाही. तिने पेल्यातली कवळी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली.

"दुरुस्त करा."

"कुणासाठी?"

"करा म्हटलं ना."

तिची ती नजर पाहून मास्तर टेबलाशी जाऊन बसले. दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. सासूबाईंच्या जबड्याचे जुने साचे अजून कपाटात होते, ते काढले. डावे दात उतरवून मेणात पुन्हा मांडले. फोन वाजला तरी उचलला नाही, आणि मेण गार होईपर्यंत हात हलवला नाही. मधल्या वेळात बायकोने दुलई धुतली, हवालदारला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन दाढ काढून आणली आणि गॅलरीच्या दाराला नवी कडी बसवून घेतली. कवळी तयार झाल्यावर तिने ती पेल्यात ठेवली. शेजारी बशीत दोन टोस्ट ठेवले आणि खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पुढच्या खोलीत बसले होते. तीन दिवसांत बायको मास्तरांशी धड बोलली नव्हती. घड्याळात चार वाजले.

कड.

कड... कड... कड.

मास्तर टुणकन उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. तीस वर्षांत कुठल्या कामाचा झाला नव्हता असा आनंद त्यांना झाला.

"ऐकलंस? टक नाही! अजिबात टक नाही! दोन्ही बाजू सारख्या टेकल्या! याला म्हणतात काम! दातांच्या बाबतीत मला..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष खाली गेलं. हवालदार त्यांच्या पायाशी घोरत पडला होता. बाई बायकोच्या मांडीवर होती.

मास्तर हळूच खाली बसले.

"सावकाश बोला," बायको बऱ्याच दिवसांनी नेहमीच्या आवाजात म्हणाली. "खाताना कुणी मध्ये बोललेलं आईला चालत नाही."