अंबादासच्या खांद्यावरचा पदर

एखादे काम माणूस तीस वर्षे बिनचूक करू लागला, की ते त्याला येते की नाही याची परीक्षा घेण्याची वेळ झाली असे समजावे. प्रगत समाजाचे हे लक्षण आहे. मागासलेल्या समाजात काम येते का हे काम बघूनच ठरवतात, आणि त्यात चुकीला फार वाव राहतो.

श्री. अंबादास लांजेवार (यापुढे नुसतेच अंबादास) यांच्यावर ही वेळ मागच्या जूनमध्ये आली. जबलपूरच्या गोरखपूर बाजारातल्या ‘रत्नाकर साडी मंदिर’च्या गादीवर तो एकतीस वर्षे उभा होता. (अधूनमधून बसत असे, पण नोंद ‘उभा’ अशीच आहे.) वय त्रेपन्न, उंची पाच फूट चार इंच, वजन सत्त्याऐंशी किलो, मिशी भरघोस, शिक्षण बी. ए., तेही जेमतेम. वडील तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून भंडाऱ्याहून जबलपूरला आले होते. त्यांना मुलगाही कारखान्यात चिकटावा असे वाटे, पण तो साड्यांत रमला.

त्याची कामाची पद्धत साधी होती. समोरच्या बाईने एखाद्या साडीकडे दोनदा पाहिले, की अंबादास ती उघडून स्वतःच्याच अंगावर घेई. एक टोक पँटच्या पट्ट्यात, पोटावर सात निऱ्या, पदर डाव्या खांद्यावर, मान किंचित कलती आणि नजर थेट समोर, जणू दारात वरात आली आहे. त्या क्षणी बाईला अंबादास दिसत नसे. मिशीसुद्धा दिसत नसे. तिला ती स्वतः दिसे, नणंदेच्या मुलीच्या लग्नात, आणि शेजारी नणंद दिसे, तोंड पाडून बसलेली. शंभरातल्या एकाहत्तर बायका तिथेच ‘हीच द्या’ म्हणत. बावीस जणी ‘भैया, इसमें दूसरा कलर दिखाओ’ म्हणत. सहा जणी चहा पिऊन जात. उरलेल्या एक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका शैलजाताई. त्या दर गुरुवारी येत, अंबादासला दोन साड्यांत पाहत आणि समाधानाने घरी जात. अकरा वर्षांत त्यांनी हातरुमालही घेतला नव्हता.

अंबादासला तो पदर पडण्याचा क्षण जिवापलीकडे आवडे. तेवढा वेळ आपण कोणीतरी आहोत असे त्याला वाटे. संध्याकाळी घरी, कांचघर भागात जाणाऱ्या ऑटोत बसला की तो पुन्हा नुसता जाडा माणूस होई.

जूनमध्ये मालक रत्नाकरजींचे चिरंजीव आलोक यांनी दुकान हाती घेतले आणि पहिल्याच आठवड्यात तीन पुतळे मागवले. पुतळ्यांना डोकी नव्हती. डोके असले की ते विक्रीच्या आड येते, असे आधुनिक शास्त्र सांगते. (हे तत्त्व नोकरवर्गाला लावण्याचाही विचार होता.) मग त्याने अंबादासला बोलावले.

“अंबादासजी, फॅशन रिटेल बदलून राहिलं. आता आपण साडी नाही विकत. अनुभव विकतो.”

“अच्छा. मग साडी कोण विकते?”

“तेच शिकायचं आहे तुम्हाला. पुढच्या लग्नसराईपासून गादीवर पदव्युत्तर माणूसच उभा राहील. डिग्री आणा, गादी तुमची. नाही आणली तर तुम्ही मागे गोदामात, गादीवर पुतळा.”

अंबादासने पुतळ्याकडे पाहिले. पुतळ्याला पोट नव्हते. त्या दिवशी त्याच्या हातून तीन साड्यांचे काठ उलटे दुमडले गेले. एकतीस वर्षांत हे प्रथमच घडत होते.

विजय नगरमधले फॅशन-किरकोळविक्री-उद्योजकता-व-नवोन्मेष पदव्युत्तर अध्ययन संस्थान एका जिमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. वर्ग सकाळी सात ते साडेनऊ. खालून वजने आपटल्याचे आवाज येत आणि वर विद्यार्थी नवोन्मेष करीत. वर्गात बावीस-तेवीस वर्षांची एकोणीस मुले होती. त्यांनी आयुष्यात काही विकले नव्हते, म्हणून त्यांची मने स्वच्छ होती. पहिल्या दिवशी ती अंबादासला पाहून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ‘अंकल, जरा सरकना’ म्हणू लागली. विभागप्रमुख रुचिरा मॅडम उद्योजकता शिकवत. त्यांनी स्वतः कधी उद्योग केला नव्हता. त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती होते.

अभ्यासक्रम सखोल होता. ‘ग्राहकाचा प्रवास’ हा विषय शंभर गुणांचा (‘ग्राहक ऑटोने येतो’ हे उत्तर चूक). ‘अनुभवाची रचना’ पन्नासांचा. ‘नवोन्मेष एक’ आणि ‘नवोन्मेष दोन’ प्रत्येकी शंभरांचे. दोन्हींचे पुस्तक एकच, पण दुसऱ्या वेळी ते नव्या दृष्टीने वाचायचे.

पहिल्या परीक्षेत प्रश्न आला, ‘ग्राहकाला काय हवे असते?’ अंबादासने लिहिले, ‘जी शेजारणीकडे नाही ती साडी.’ दहापैकी दोन गुण मिळाले. बाजूला लाल शाईत शेरा होता, ‘संदर्भ द्या.’ पुढच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. अंबादासने तेच उत्तर लिहिले आणि कंसात घातले, ‘(लांजेवार न., स्वयंपाकघरातील चर्चा, पृ. ४)’. आठ गुण मिळाले. ज्ञान म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी थोडेफार उमगले.

लांजेवार न. म्हणजे त्याची बायको नर्मदा. तिचे या शिक्षणाबद्दल स्वतंत्र मत होते.

“जिंदगीभर साड्या तुम्हीच नेसून राहिले. आता डिग्रीपण तुम्हीच घ्या,” ती डबा भरता भरता म्हणे. “दुकानात तुमच्यावर काय दिसते हो साडी! घरी माझ्यावर आली की तिची झोळी होते. काहून?”

अंबादासने याचे उत्तर संस्थेच्या ग्रंथालयात शोधले. तिथेही संदर्भ नव्हता.

एप्रिलमध्ये अंतिम प्रात्यक्षिक आले. नियम एकच होता: विक्रेत्याने स्वतःच्या शरीराचा वापर करू नये, साडी पुतळ्याला नेसवावी. दोनशे गुण, वेळ दहा मिनिटे. बाहेरून परीक्षक आले होते.

अंबादास पुतळ्यासमोर उभा राहिला आणि तिथेच अडला. एकतीस वर्षांत त्याने अंदाजे दोन लाख साड्या नेसल्या होत्या, पण नेसवली एकही नव्हती. नर्मदेच्या निऱ्यांनाही त्याने कधी हात लावला नव्हता. परक्या बाईच्या कमरेला साडी खोचायची, तीही परीक्षकांसमोर, आणि त्या बाईला नजर खाली घालायलाही डोके नाही!

“दीदी, माफ करजो,” तो पुतळ्याला हळूच म्हणाला. परीक्षकांपैकी एकाने हे टिपून घेतले.

मग त्याने डोळे अर्धे मिटले आणि हात सवयीवर सोडले. हात स्वतःच्या डाव्या बाजूलाच पुतळ्याची डावी बाजू समजत होते, पण पुतळा त्याच्याकडे तोंड करून होता. दहा मिनिटांनी डोळे उघडले तर पदर पुतळ्याच्या उजव्या खांद्यावरून मागे गेलेला, निऱ्या भलत्याच बाजूला उघडणाऱ्या, सगळे आरशातल्यासारखे. जबलपूरला सीधा पल्ला (उजव्या खांद्यावरून पुढे) माहीत आहे, उल्टा पल्लाही (डाव्यावरून मागे) माहीत आहे. हा उल्ट्याचाही उलटा होता आणि तरी सीधा नव्हता.

अंबादासला गोदामातला पिवळा दिवा दिसला, गठ्ठे दिसले, आणि गादीवर उभी असलेली ही बिनडोक्याची बाई दिसली.

पण संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘या वर्षात झालेले नवोन्मेष’ असा एक रकाना असतो. चार वर्षांपासून तो कोरा होता. रुचिरा मॅडम पुतळ्याभोवती दोनदा फिरल्या, परीक्षकांकडे वळल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, “परंपरेला समोरून पाहण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे.” परीक्षकांनी माना डोलावल्या. अंबादासला दोनशेपैकी एकशे ब्याण्णव मिळाले. (आठ गुण ‘दीदी’बद्दल कापले.) तो संस्थेत पहिला आला.

आलोक शब्दाचा पक्का निघाला. पण इतक्या शिकलेल्या माणसाला गादीवर उभे करणे शोभले नसते, म्हणून त्याने अंबादासला मुख्य नवोन्मेष अधिकारी केले आणि दुकानाच्या मागच्या बाजूला काचेची केबिन, त्यात फिरती खुर्ची दिली.

“अन् गादी?” अंबादासने विचारले.

“गादी तुमचीच आहे, अंबादासजी. कागदावर.”

गादीवर पुतळा उभा राहिला, समोरून पाहिलेल्या परंपरेसह. सतरा दिवसांत त्याने दोन साड्या विकल्या. एक आलोकच्या सासूबाईंनी घेतली. दुसरी एका गृहस्थाने कूलर झाकायला नेली. बायका येत, पुतळ्याकडे बघून आपल्याच खांद्यांना हात लावून बघत, ‘वो मूँछ वाले भैया कहाँ गए?’ विचारत आणि बाहेर पडत. अंबादास खुर्चीत बसून हे काचेतून पाही. त्याला रडू येई. पण अधिकारी असल्यामुळे तो फक्त चष्मा पुसत असे.

अठराव्या दिवशी गुरुवार होता. आधीचे दोन गुरुवार पुतळा पाहून परत गेलेल्या शैलजाताई आल्या, पुतळ्याला वळसा घालून सरळ केबिनपाशी गेल्या आणि त्यांनी छत्रीच्या दांड्याने काचेवर टकटक केले.

“लांजेवार, उभे राहा,” त्या म्हणाल्या. तो आवाज अख्ख्या शाळेने ऐकलेला होता.

अंबादास उभा राहिला. टेबलावर नमुन्याची बाटलीहिरवी रेशमी साडी होती. एक टोक पट्ट्यात, सात निऱ्या, पदर डाव्या खांद्यावर. बाहेर अकरा बायका जमल्या. नंतर पंचवीस. एकीने काचेला नाक लावले. आलोक धावत आला.

“अंबादासजी, हे काय करून राहिले?”

“अनुभव विकून राहिलो,” अंबादास म्हणाला. वर्षभरात शिकलेले हे एकच वाक्य त्याला वेळेवर आठवले.

वाक्य आलोकचेच होते. संध्याकाळपर्यंत बेचाळीस साड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची हलवून केबिनमध्ये गादी घातली आणि दारावर ‘अनुभव कक्ष’ अशी पाटी लागली. संस्थेने तातडीने संशोधन करून निष्कर्ष काढला, की पुतळ्यात दोष मिशी नसण्याचा होता. आता कारखान्याकडे पोट व मिशी असलेल्या पुतळ्यांची मागणी नोंदवलेली आहे, आणि पुढच्या तुकडीला मिशी अनिवार्य आहे. (मुलींना ऐच्छिक.)

शनिवारी नर्मदा दुकानात आली, रांगेत उभी राहिली आणि तीच बाटलीहिरवी मागून घेतली. रविवारी सकाळी ती नेसून आरशासमोर उभी राहिली. पुन्हा झोळीच झाली होती.

“हं,” ती म्हणाली. साडी सोडून तिने अंबादासच्या हातात दिली. “घ्या, नेसा एकदा.”

अंबादासने बनियनवरच अंगावर घेतली. नर्मदा पाटावर बसून डोळे भरून पाहत राहिली. मग समाधानाने साडीची घडी करून तिने ती कपाटात ठेवून दिली.

हसायला हरकत नाही. पण तुमच्या कपाटातही दुसऱ्या फळीवर अशी एक साडी आहे, एकदाच नेसलेली. दुकानात ती फार सुंदर दिसली होती, हे घरातल्या सगळ्यांना आठवते. कोणावर दिसली होती, हे कोणी काढत नाही. आपण साडी नेसत नाही, म्हणून सुटलो, असे ज्या पुरुष वाचकांना वाटते आहे त्यांनीही जरा आठवावे. त्या दिवशी बाजूच्या स्टुलावर बसून, मोबाइलमधून मान वर काढून, ‘हीच घे, काय सुंदर दिसते!’ असे तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा तुम्ही कोणाकडे पाहत होतात?