अकरा पिल्लांची बदली

माणसं कशी हलवावीत हे मला कुणी शिकवू नये. चाकणच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं कार्मिक खात्यात काढली आहेत. तेव्हा डुकरिणीची अकरा पिल्लं आईपासून तोडायचं काम मी हातातला चहा संपायच्या आत पत्करलं!

पिल्लं ज्योतीरामची. कंपनीने काढल्यापासून त्याचं घर त्यांच्यावरच. काढलेल्यांच्या यादीवर सही माझी होती, त्यामुळे ओळख जुनी. बायको जयमाला बाळंतपणाला दवाखान्यात, आणि पिल्लांचं दूध तोडायचा दिवस नेमका तोच; ती घरी येईपर्यंत पिल्लांकडे रोज मी बघायचं ठरलं. जाताना त्याने दोनदा बजावलं, की मादीला मागच्या खोलीत न्या, पिल्लं आहेत तिथंच राहू द्या, आणि खाद्य थोडंथोडं, पाच-सहा वेळा घाला.

मी मादीकडे पाहिलं. दीड क्विंटल वजन, नजर युनियनच्या अध्यक्षासारखी. आमच्याकडे रीत साधी होती: जुन्या, वजनदार माणसाला हात लावायचा नाही. बदली नवख्यांची! मी एकेक पिल्लू उचलून मागच्या सिमेंटच्या खोलीत नेलं. फरशी अशी चकचकीत, की तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवावी.

ज्योतीरामची आई, ठकुबाई, दारातून बघत होती.

"आवो, आईला हलवा. पिल्लास्नी त्यांची जागा लागती, त्यांचा वास लागतो."

"बत्तीस वर्षांचा अनुभव आहे, मावशी."

"डुकरांचा?"

तोंडी हरकत आम्ही कधी नोंदवून घेत नसू. पिल्लं ओरडू लागली. नव्या जागी पहिल्या दिवशी पोटभर जेवण दिलं की कुणीही गप्प बसतं, हाही अनुभवच. दिवसभराचं खाद्य एकदम ओतलं. पिल्लं गप्प बसली. मी खूश!

सकाळी अकराही हगवणीने भिजून, गार फरशीवर एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होती. मुलगी झाली म्हणून ज्योतीराम पेढे घेऊन आला, तोवर चार गेली होती.

त्याने पुडा खिडकीत ठेवला. मादीला मागे नेलं. ती गाईसारखी गेली. उरलेली सात जुन्या जागी पेंढ्यात ठेवली, डॉक्टरला फोन लावला. मी आपली पाण्याची बादली उचलली.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. आई हलवा म्हणलं, तुमी पिल्लं हलवली. उद्यापास्नं येऊ नका."

बत्तीस वर्षांत मला कुणी काढलं नव्हतं. इथं उभ्याउभ्या, विनानोटीस! पण त्याने निदान कारण सांगितलं. आमच्या यादीत तो रकानाच नव्हता.