मूळ शंभर टक्के

"कॉफीच्या बाबतीत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" असं हुंगेशेठ दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण गोणी उघडली की अख्खं डोकं आत घालून हुंगायची सवय, म्हणून बाजाराने हे आडनाव त्यांना बहाल केलं होतं. हुंगून झालं की शेठ संशय घ्यायचे. दूधवाल्यावर घ्यायचे, पोस्टमनवर घ्यायचे, दुकानातल्या तराजूवर घ्यायचे. तराजू तर त्यांचा स्वतःचाच होता!

त्यातही विशेष जिव्हाळ्याचा संशय राखून ठेवलेला होता तो मेहुण्यासाठी. डोंगरावर मेहुण्याचा कॉफीचा मळा. तो बी पाठवणार, आणि शेठ ते भाजून, दळून 'डोंगर कॉफी' म्हणून विकणार. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललंय, हेच शेठना खटकत होतं.

अशात नवा नियम आला. पाकिटावर डोंगराचं नाव घालायचं, तर आतलं सगळं बी डोंगरावरचंच हवं. शिवाय मूळ प्रदेश कोणता आणि माल तिथला किती टक्के, हे ठळक अक्षरांत छापायला हवं. खोटं निघालं तर डोंगर खोडायचा आणि तिथे 'मिश्रण' लिहायचं. मिश्रण! 'डोंगर कॉफी' हे नाव शेठच्या वडिलांनी ठेवलेलं. पाटीवर तेच, गिऱ्हाइकांच्या तोंडी तेच. ते गेलं तर दुकानात उरणार काय? दळायचं यंत्र आणि हुंगेशेठ!

"छापून टाकतो!" शेठ बायकोला म्हणाले. "कर नाही त्याला डर कशाला?"

"मग सकाळपासून गोणीत डोकं घालून काय बसलाय?"

"खात्री करतोय."

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यात माझ्या भावाची गोणीही धरा."

शेठ छापखान्यात गेले ते मजकुराचा कागद मुठीत लपवून. छापखानेवाला समोरच्या कॉफीच्या दुकानाचीही पाकिटं छापायचा, म्हणजे तो फितूर असणार हे उघडच होतं.

"शेठ, 'मूळ प्रदेश डोंगर, माल शंभर टक्के' एवढं सगळं ठळक अक्षरांत एका ओळीत मावत नाही. जरा बारीक करू?"

"म्हणजे मी नियमात अडकायला मोकळा! हेच हवंय ना तुम्हाला?"

"मग दोन ओळी करू."

"दुसरी ओळ वाचतो कोण? कुणी शिकवलं हे?"

शेवटी शेठनीच पेन हिसकावून घेतलं. डोंगर तर वर भल्यामोठ्या अक्षरांत आहेच, तो पुन्हा कशाला? 'प्रदेश' गेला, 'माल' गेला. उरलं ते कसं सुटसुटीत: 'मूळ १०० टक्के'!

छापखानेवाल्याने आ वासला. "पण शेठ..."

"एक अक्षर बोलू नका!"

त्या बिचाऱ्याला काय सांगायचं होतं, ते आता आपणच सांगू. कॉफी स्वस्तात पडावी म्हणून तिच्यात चिकोरी मिसळतात, आणि चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. या बाजारात चिकोरीला चिकोरी कुणी म्हणतच नसे. "पावशेर द्या, मूळ थोडं जास्त घाला," अशी मागणी समोरच्या दुकानात रोज व्हायची. आणि "आमच्याकडे मूळ औषधालाही सापडायचं नाही!" हे वाक्य तर खुद्द हुंगेशेठचं!

नवी पाकिटं मांडली त्याच सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई तरातरा आल्या आणि त्यांनी पाकीट टेबलावर आपटलं.

"शेठ, हे घ्या तुमचं परत! मुळं मी दिवसभर उपटतेच आहे. घरी जाऊन ती प्यायचीसुद्धा का?"

शेठनी पाकीट झटकन नाकाशी नेलं. "मूळ? माझ्या कॉफीत? चव लागली तुम्हाला?"

"चव कशाला बघायला हवी? डोळ्यांना धडधडीत दिसतंय की!"

त्या गेल्या न गेल्या तोच शेजारचा शिंपी आला. "शेठ, मूळच विकायचं होतं तर आधीच सांगायचं. मी उगाच समोरच्याकडे जात होतो!"

डोळ्यांना दिसतंय, शिंप्यालाही कळलंय, आणि आपल्या नाकाला पत्ता नाही! शेठनी फडाफड पाकिटं फोडली, जमिनीवर चादर पसरून त्यावर भुकटी ओतली, आणि हुंगायला सुरुवात केली. मूळ सापडेना. सापडत नाही त्या अर्थी फारच बेमालूम मिसळलंय, आणि इतकं बेमालूम काम घरच्या माणसाशिवाय कोण करणार?

त्यांनी डोंगरावर फोन लावला. "गोणीत काय भरून पाठवलंस?"

"कॉफीचं बी, भाऊजी. दुसरं काय?"

"मूळ सापडलंय त्यात!"

"कुणाला?"

"अख्ख्या बाजाराला! गप्प का झालास? गप्प बसणं म्हणजे कबुली!"

"निघालोच मी तिकडे यायला," असं म्हणून मेहुण्याने फोन ठेवला.

बायको आतून ऐकतच होती. "तुम्ही माझ्या माहेराच्या मुळावर उठलात!"

"बघ! तूसुद्धा मूळ म्हणालीस! म्हणजे तुला माहीत होतं!"

ती पाय आपटत आत गेली. दुपारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. गळ्यात सरकारी ओळखपत्र, मागे निम्मा बाजार. बाजारातल्याच कुणीतरी तक्रार केली होती. शेठ तेव्हा चादरीवर ओणवे होते, नाकाला भुकटी लागलेली.

"मालक तुम्हीच?"

"कुणी सांगितलं?"

"या कॉफीच्या मुळाची चौकशी करायला आलेय मी."

"मूळ? शून्य, मॅडम! कणभरही नाही!"

मॅडमनी भुवया उंचावल्या. "डोंगराचं मूळ शून्य?"

"डोंगराचं नाही, सपाटीचं नाही, कुठलंच नाही! हवं तर हुंगा!"

"मग पाकिटावर शंभर टक्के कसं?"

"ते तर खरंच आहे!"

"म्हणजे मूळ शंभर टक्के?"

"खोटं बोलत असेन तर जीभ झडो! शून्य!"

"ठीक आहे. माल डोंगरावरचा नाही, असं मालक स्वतःच सांगताहेत. उद्यापासून 'मिश्रण' छापायचं."

शेठ मटकन चादरीवरच बसले. वडिलांनी ठेवलेलं नाव, आणि ते आपल्याच तोंडाने घालवलं! कसं घालवलं, तेही कळेना. डोळ्यांत पाणी तरारलं.

तेवढ्यात बायको बाहेर आली आणि तिने एक पाकीट त्यांच्या नाकासमोर धरलं. "हुंगू नका. वाचा!"

शेठनी वाचलं. मग शिंप्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचलं. "हे त्या छापखानेवाल्याने..."

"शब्द तुम्ही कापलेत! त्याचा आत्ताच फोन आला होता. तुम्ही त्याला बोलू दिलं नाहीत, म्हणून मला सांगितलं." मग तिने मॅडमना सगळा उलगडा केला. मागच्या निम्म्या बाजाराची हसून हसून मुरकुंडी वळली.

मॅडम हसल्या नाहीत. "शब्दाचा घोळ कळला. पण बी डोंगरावरचंच आहे, हे पिकवणाऱ्याने माझ्यासमोर सांगायला हवं."

"सांगतो की," गर्दीतून मेहुण्याचा आवाज आला. तो पुढे आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. "पण मी तर गोणीत मुळं भरतो ना, भाऊजी?"

शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोराने पीक बुडालं त्या वर्षीही दुसऱ्या कुणाला बी दिलं नव्हतं, होतं तेवढं इथे पाठवलं होतं. शेठना स्वतःचीच खरोखर लाज वाटली.

"चुकलं," ते पुटपुटले.

"ताई, काही ऐकू आलं तुला?"

"नाही बाई."

"चुकलं! माझं चुकलं!" शेठ एवढ्याने ओरडले की डॉक्टरीणबाईंकडचा पेशंट आ वासलेला तसाच बाहेर येऊन बघू लागला.

मग मेहुण्याने जबानी दिली. डोंगराचं नाव वाचलं. जाता जाता मॅडम म्हणाल्या, "मात्र 'मूळ' हा शब्द आता नकोच. नियमात दुसरी सोय आहे. पिकवणाऱ्याचं नाव ठळक छापायचं. विकणाऱ्याचं खाली, बारीक."

नव्या पाकिटांवर आता 'डोंगर कॉफी'खाली मेहुण्याचं संपूर्ण नाव झळकतं. तळाशी, चष्मा लावून शोधलं तर हुंगेशेठ सापडतात. खप मात्र छान वाढलाय.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. त्याने पाकीट उलटसुलट करून वाचलं, आणि शेठना नखशिखांत न्याहाळलं.

"पिकवणारा माणूस खात्रीचा दिसतो," तो म्हणाला. "पण मधल्या माणसाचा काय भरवसा? तुम्ही आत काही मिसळत नाही कशावरून?"

शेठनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"अगदी बरोबर बोललात!" ती म्हणाली. "म्हणून तर मी दिवसभर इथे बसून असते!"